लुई नेएल : बाहेरून न दिसणाऱ्या चुंबकाचा शोध



शाळेच्या प्रयोगशाळेत पट्टीचुंबकांची लाकडी पेटी तुम्ही पाहिली असेलच. त्या पेटीत दोन चुंबक कसे ठेवलेले असतात, आठवतंय का? एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवाशेजारी येईल असे, म्हणजे उलटसुलट. दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे लावलेले असतात. अशी नीट मांडलेली जोडी टाचण्यांच्या ढिगाजवळ न्या. एकेकटा चुंबक जेवढ्या टाचण्या उचलतो त्या मानाने ही जोडी जवळजवळ काहीच उचलत नाही. चुंबकत्व कुठे गेलं? कुठेच नाही. दोन्ही चुंबक आपापल्या जागी पूर्ण ताकदीने आहेत, फक्त बाहेर एकमेकांचा परिणाम खोडून टाकतात.

आता ही पेटी अणूएवढी लहान झाली आहे अशी कल्पना करा. एका स्फटिकात असे कोट्यवधी अणुचुंबक एकाआड एक उलटसुलट उभे आहेत. बाहेरून तो पदार्थ चुंबक नाहीच असं वाटेल. होकायंत्राची सूची त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. असे पदार्थ असू शकतात हे ज्याने सिद्धांत मांडून सांगितलं, त्या लुई नेएल या फ्रेंच शास्त्रज्ञाची ही गोष्ट. या प्रकाराला आज आपण प्रतिलोहचुंबकत्व म्हणतो.

लुई नेएल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९०४ रोजी फ्रान्समधील ल्यों शहरात झाला. ल्योंमध्ये शिक्षण घेऊन १९२४ साली ते पॅरिसच्या एकोल नॉर्माल स्युपेरिएर या नामांकित संस्थेत दाखल झाले. तिथून १९२८ मध्ये बाहेर पडल्यावर ते पॅरिसमध्ये राहिले नाहीत, तर जर्मनीच्या सीमेवरच्या स्ट्रासबुर्गला गेले. कारण तिथे पिएर वाइस होते.

वाइस यांच्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोखंडातले अणुचुंबक एकाच दिशेला का वळतात, या प्रश्नावर वाइस यांनी १९०७ मध्ये एक उत्तर दिलं होतं. प्रत्येक अणूला शेजाऱ्यांमुळे एक अदृश्य क्षेत्र जाणवतं आणि ते त्याला शेजाऱ्यांच्याच दिशेला वळवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर शेजारी जिकडे तोंड करून उभे, तिकडेच आपण. या कल्पनेवर लोखंड, निकेल, कोबाल्ट यांचं वागणं छान समजत होतं. पण मँगनीज आणि क्रोमियम हे धातू काही केल्या त्यात बसत नव्हते. साध्या समचुंबकी पदार्थाचं चुंबकत्व तापमान कमी केलं की वाढतं. या दोन धातूंचं मात्र तापमानाबरोबर फारसं बदलतच नव्हतं.

तरुण नेएल यांनी गुरूंच्याच कल्पनेला एक वळण दिलं. शेजाऱ्याचं क्षेत्र त्याच दिशेला ओढण्याऐवजी नेमकं उलट दिशेला ढकलत असेल तर? मग अणूंचे दोन गट पडतील. एका गटाची तोंडं वर, दुसऱ्याची खाली. बेरीज शून्य. १९३२ मध्ये स्ट्रासबुर्गमध्येच त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि १९३६ पर्यंत त्यांनी ही दोन गटांची कल्पना पूर्ण मांडली. एका ठराविक तापमानाच्या वर ही शिस्त मोडते आणि अणू कसेही भरकटतात, हेही त्यात होतं. त्या तापमानाला आज नेएल तापमान म्हणतात. (सोव्हिएत संघात लेव लांदाऊ यांनीही १९३३ मध्ये स्वतंत्रपणे अशाच अंगाचा विचार मांडला होता. परीक्षेत नाव नेएल यांचं लिहाल, पण हेही माहीत असू द्या.)

आता अडचण अशी की, जे बाहेरून दिसतच नाही ते आहे हे दाखवायचं कसं? १९३८ मध्ये बिझेट, स्क्वायर आणि त्साई यांनी मँगनीज ऑक्साइड थंड करत नेलं, तेव्हा सुमारे उणे १५५ अंश सेल्सिअसजवळ त्याच्या चुंबकी वागण्यात स्पष्ट बदल दिसला. नेएल यांच्या सिद्धांताला बळ मिळालं. तरी शंका उरल्याच. पुंजयांत्रिकीच्या हिशोबात अशी काटेकोर वर-खाली मांडणी टिकेल का, असा प्रश्न काही मोठ्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांना पडत होता. खरा पुरावा यायला १९४९ उजाडलं. अमेरिकेत ओक रिज येथे शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनचा झोत सोडला. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, पण तो स्वतः एक चिमुकला चुंबक असतो. त्यामुळे वर तोंड केलेला अणू आणि खाली तोंड केलेला अणू त्याला वेगवेगळे दिसतात. थंड मँगनीज ऑक्साइडमधून परावर्तित झालेल्या न्यूट्रॉनांनी जादा रेषा दाखवल्या. दर दुसरा अणू उलटा आहे, याचाच तो अर्थ होता. म्हणजे कल्पनेपासून पुराव्यापर्यंत सतरा वर्षं गेली.

त्या सतरा वर्षांत युरोपात मात्र महायुद्ध होऊन गेलं आणि नेएल यांचं आयुष्य पार बदललं.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीने समुद्रात एका नव्या प्रकारचे पाणसुरुंग पेरले. त्यांना जहाज आदळावं लागत नसे. पोलादी जहाज पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रात राहून स्वतः थोडंसं चुंबक बनतं. ते सुरुंगावरून गेलं की आतल्या यंत्रणेला क्षेत्रातला बदल कळे आणि स्फोट होई. इंग्रजांनी यावर जहाजाभोवती तारांची वेटोळी बसवून त्यांतून सतत वीजप्रवाह सोडायची युक्ती वापरली. नेएल यांनी फ्रेंच नौदलाला वेगळा उपाय दिला. जहाजाभोवती तात्पुरती वेटोळी टाकायची, त्यांतून एकदाच जोरदार प्रवाह सोडायचा आणि पोलादालाच उलट दिशेचं कायमचं चुंबकत्व द्यायचं. पृथ्वीने दिलेलं आणि माणसाने दिलेलं, दोन्ही एकमेकांना खोडतात. मग वेटोळी काढून टाकायची आणि जहाज मोकळं. अशी शेकडो जहाजं तयार केली गेली. बघा, इथेही तीच दोन उलट चुंबकांची बेरीज! फरक एवढाच की या वेळी बेरीज शून्याजवळ येण्यावर खलाशांचे जीव अवलंबून होते. या कामासाठी त्यांना फ्रान्सचा 'लेजिओं द ऑनर' हा सन्मान मिळाला.

१९४० मध्ये फ्रान्स हरला आणि स्ट्रासबुर्ग जर्मनीच्या ताब्यात गेलं. तिथलं विद्यापीठ आधीच क्लेरमाँ-फेराँला हलवलं होतं. नेएल मात्र आल्प्स पर्वताच्या कुशीतल्या ग्रनोब्ल शहरात गेले. तात्पुरता आसरा म्हणून निवडलेल्या त्या गावात ते दीर्घकाळ राहिले. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला हा निर्णय नोबेलइतकाच महत्त्वाचा आहे. त्या काळात फ्रान्समध्ये मोठं विज्ञान म्हणजे पॅरिस, असंच समीकरण होतं. डोंगरातल्या एका गावात चुंबकत्वाचं जागतिक केंद्र उभं करायचं हे सोपं काम नव्हतं. १९४६ मध्ये तिथे त्यांची प्रयोगशाळा रीतसर सुरू झाली. १९५६ पासून ग्रनोब्लच्या अणुसंशोधन केंद्राचे ते संचालक झाले. १९६७ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांनी मिळून न्यूट्रॉन संशोधनाची लाऊए-लांजव्हँ संस्था काढली, तीही ग्रनोब्लमध्येच. ज्या देशाच्या पाणसुरुंगांशी आपण लढलो त्याच देशाबरोबर, आणि ज्या न्यूट्रॉनने आपला सिद्धांत खरा ठरवला त्याच न्यूट्रॉनसाठी.

ग्रनोब्लमध्येच १९४८ साली त्यांचं दुसरं मोठं काम प्रसिद्ध झालं. ते समजायला एक छोटासा हिशोब करूया, वही घ्या. मॅग्नेटाइट, म्हणजे माणसाला सर्वांत आधी माहीत झालेला नैसर्गिक चुंबकदगड. त्याच्या सूत्रात लोहाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार. लोहाच्या तीन अणूंपैकी दोघांचं चुंबकी बळ प्रत्येकी ५ आणि तिसऱ्याचं ४ एकक. सगळे एकाच दिशेला असते तर बेरीज १४ यायला हवी. प्रत्यक्ष मोजलं तर सुमारे ४ येते! दहा एककं गेली कुठे? नेएल यांनी सांगितलं की एक ५ वर तोंड करून आहे, दुसरा ५ आणि ४ हे दोघे खाली. ९ वजा ५ बरोबर ४. दोन्ही गट उलटे आहेत, पण समान नाहीत, म्हणून थोडं चुंबकत्व उरतं. याला त्यांनी फेरीचुंबकत्व असं नाव दिलं. हजारो वर्षं लोकांनी हाताळलेला चुंबकदगड खरं तर लोखंडासारखा साधा चुंबक नव्हताच, हे तेव्हा कळलं. रेडिओतली काळी फेराइटची कांडी, जुन्या संगणकांच्या स्मृतीतली इवलीशी कडी, कॅसेटच्या फितीवरची तपकिरी भुकटी हे सगळं याच कुळातलं.

थोडं विषयांतर, पण आपल्या मातीचं आहे म्हणून सांगते. १९४९ मध्ये नेएल यांनी खडकांतल्या अतिबारीक चुंबकी कणांचा सिद्धांत मांडला. तापलेल्या लाव्हातले कण क्षणाक्षणाला दिशा बदलतात. लाव्हा थंड झाला की ती दिशा गोठते आणि लाखो वर्षं तशीच राहू शकते. म्हणजे खडक पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकी क्षेत्राची आठवण जपून ठेवतो. सह्याद्रीचा काळा पाषाण हा असाच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. क्लेग, डॉइश आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या या खडकांचं चुंबकत्व मोजून १९५६ मध्ये निष्कर्ष मांडला की हा लाव्हा थंड झाला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला होती. खडकाची साक्ष विश्वासाने का घ्यायची, याचं कारण नेएल यांच्या सिद्धांतात आहे. पुढच्या वेळी किल्ल्यावर सहलीला जाल तेव्हा बुरुजाच्या दगडाकडे जरा निराळ्या नजरेने बघा.

१९७० मध्ये नेएल यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं, स्वीडनच्या हानेस आल्फव्हेन यांच्याबरोबर विभागून. स्टॉकहोमला दिलेल्या व्याख्यानात त्यांनी आपल्या कामाचा आढावा घेतला. आणि प्रतिलोहचुंबकी पदार्थांबद्दल बोलताना त्यांनी प्रांजळपणे सांगून टाकलं की सिद्धांताच्या दृष्टीने ते फार रोचक आहेत, पण त्यांचा काही व्यवहारी उपयोग दिसत नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण मला वर्गात विचारतात, बाई, याचा उपयोग काय? इथे तर शोध लावणारा माणूसच नोबेलच्या मंचावरून म्हणतोय की उपयोग दिसत नाही! आणि त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं बरं का. जो पदार्थ काही ओढत नाही, ज्याला बाहेरचा चुंबक वळवू शकत नाही, त्याच्यावर लिहायचं कसं आणि लिहिलेलं वाचायचं कसं?

गंमत म्हणजे उपयोगाची पहिली खूण तेव्हा समोर होती. १९५६ मध्ये माइकलजॉन आणि बीन यांनी दाखवलं होतं की कोबाल्टच्या कणावर प्रतिलोहचुंबकी कोबाल्ट ऑक्साइडचा थर असेल तर कोबाल्टचं चुंबकत्व एका दिशेला जखडल्यासारखं होतं. स्वतः नेएल यांनी १९६७ मध्ये पातळ थरांतल्या याच जोडणीचा सिद्धांत लिहिला होता. पण ते उपकरणात उतरायला आणखी तीन दशकं लागली. १९८८ मध्ये फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्र्युनबेर्ग यांनी लोह आणि क्रोमियमच्या थरांत चुंबकी दिशेनुसार विद्युतरोध खूप बदलतो हे शोधलं. त्यावर आधारलेली हार्ड डिस्क वाचणारी टोपी १९९७ पासून बाजारात आली. त्या टोपीत एक थर दिशा बदलणारा आणि दुसरा जखडून ठेवलेला असतो, आणि जखडायचं काम करतो प्रतिलोहचुंबकी पातळ थर. म्हणजे नेएल हयात असतानाच त्यांचा 'निरुपयोगी' पदार्थ जगभरच्या संगणकांत बसला होता. १७ नोव्हेंबर २००० रोजी, ९६वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, त्यांचं निधन झालं.

पण इथे तो थर नुसता खुंटीसारखा उभा होता. त्याच्यात स्वतःत माहिती लिहायची, तर त्याच्या अणूंची दिशा आपल्या मर्जीने वळवता आली पाहिजे. बाहेरच्या चुंबकाने ते का होत नाही? फुगडीचं उदाहरण घेऊ. दोघी मैत्रिणी हात धरून समोरासमोर उभ्या आहेत. तुम्ही दोघींना एकाच दिशेला ढकललंत तर जोडी बाजूला सरकेल, फुगडी फिरणार नाही. फुगडी फिरवायची तर एकीला एका बाजूला आणि दुसरीला उलट बाजूला ढकलायला हवं. बाहेरचं चुंबकी क्षेत्र सगळ्या अणूंना एकाच दिशेला ओढतं, म्हणून फुगडी हलत नाही. हवं होतं दर अणूगणिक उलटणारं क्षेत्र. असं क्षेत्र कुठला बाहेरचा चुंबक देणार?

ते मिळालं वीजप्रवाहातून. इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो तशीच एक फिरकी असते, तिला स्पिन म्हणतात. तिच्यामुळे तो इवलासा चुंबक असतो. अणुगर्भांच्या विद्युतक्षेत्रातून धावताना त्याच्या धावण्याची दिशा आणि फिरकीची दिशा यांची सांगड बसते. जड अणूंमध्ये ही सांगड घट्ट असते. प्लॅटिनमच्या पातळ थरातून प्रवाह सोडला तर एका पृष्ठाकडे एका फिरकीचे आणि दुसऱ्या पृष्ठाकडे उलट फिरकीचे इलेक्ट्रॉन गोळा होतात. शेजारी चुंबकी थर असेल तर ते त्याला पीळ देतात. म्हणून या पिळाला स्पिन-कक्षा पीळ म्हणू. थर पातळच का लागतो? कारण हा जोर पृष्ठाजवळ लागतो. थर जाड असेल तर तेवढाच जोर जास्त अणूंत वाटला जातो आणि कुणीच हलत नाही. २०११ मध्ये कोबाल्टच्या अतिपातळ थराची दिशा अशा प्रवाहाने उलटवून दाखवली ती मिरॉन, गाम्बार्देल्ला आणि सहकाऱ्यांनी. प्रयोगशाळा कुठली? ग्रनोब्लमधली.

तो थर साध्या चुंबकाचा होता. प्रतिलोहचुंबकाची पाळी २०१६ मध्ये आली. नॉटिंगहॅम आणि प्राग इथल्या शास्त्रज्ञांनी तांबं, मँगनीज आणि आर्सेनिक यांच्या संयुगाचा काही दशक नॅनोमीटर जाडीचा थर घेतला. या स्फटिकाची खुबी अशी की त्यातल्या मँगनीजच्या दोन गटांचा शेजार एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखा आहे. एकाची डावी ती दुसऱ्याची उजवी. त्यामुळे एकच प्रवाह सोडला तरी एका गटाला एका बाजूचा जोर मिळतो आणि दुसऱ्याला बरोबर उलट. फुगडी फिरली! आडवा प्रवाह दिला की अणू एका दिशेला, उभा दिला की काटकोनात दुसऱ्या दिशेला. कुठल्या दिशेला आहेत ते विद्युतरोधातल्या लहानशा फरकावरून वाचायचं. आणि हे साध्या खोलीच्या तापमानाला. या पिळाला नेएल यांचंच नाव दिलं गेलं.

याच्यामागे इतकी धावपळ का, तेही सांगते. अशी नोंद बाहेरच्या चुंबकाने सहजी पुसली जात नाही. शेजारच्या नोंदीला ती त्रास देत नाही, म्हणून नोंदी दाटीने बसवता येतील. आणि या अणूंची डोलण्याची गती साध्या चुंबकापेक्षा शेकडो पटीने जास्त, सेकंदाला लाखो कोटी वेळा अशी असू शकते. मात्र अजून हे तुमच्या मोबाइलमध्ये आलेलं नाही, आणि वाटेत ठेचाही लागल्या आहेत. काही थरांमध्ये जो बदल पिळामुळे झाला असं वाटलं होतं, तो प्रवाहाच्या उष्णतेने थर तापल्यामुळे किंवा अणू जागचे हलल्यामुळे झालेला असू शकतो, असं २०१९च्या सुमारास काही प्रयोगांतून पुढे आलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या दाव्याला आधी हाच प्रश्न विचारला जातो की हा पीळ की नुसती ऊब?

ग्रनोब्लमधल्या ज्या संस्थेत चुंबकत्वाचं हे काम चालतं, तिच्यापैकी एकीला २००७ पासून नेएल संस्था असं नाव आहे. पुढच्या तासाला येताना दोन पट्टीचुंबक आणि टाचण्यांची डबी घेऊन या. पेटीतली उलटसुलट जोडी किती टाचण्या उचलते ते मोजू, आणि मग त्यातला एकच चुंबक फिरवून पुन्हा मोजू.